जाळ्यातली कोंडी

ज्यांनी १९८०-९० च्या दशकांत दूरध्वनी वापरला आहे, त्यांना एक ध्वनिमुद्रित वाक्य अजून पाठ असेल : ‘या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत.’ दिवाळीच्या दिवशी किंवा दहावीच्या निकालाच्या दुपारी ते हमखास कानावर पडे. चरफडत रिसीव्हर खाली ठेवताना आपल्या मनातही येत नसे की या नकारामागे चांगले सत्तर-ऐंशी वर्षांचे गणित उभे आहे.

इंटरनेटवर मात्र असे वाक्य ऐकू येत नाही. २०२० साली सगळ्या शाळांचे वर्ग एकदम मोबाइलच्या पडद्यावर आले. चित्र अडकले, आवाज तुटला, मुले गायब होऊन पुन्हा उगवली, हे आपण सर्वांनीच अनुभवले. पण ‘आता जागा नाही, नंतर या’ असे जाळ्याने कोणाला सांगितले नाही. दारात कोणालाच अडवायचे नाही असे ठरवलेले जाळे गर्दीखाली कोलमडून कसे पडत नाही, हा प्रश्न वर्गातल्या एखाद्या चौकस मुलाने विचारला तर त्याचे उत्तर थोडे लांबचे आहे. कारण हे जाळे पूर्वी खरोखरच कोलमडले होते, आणि त्या पडझडीतूनच ते सावरण्याची विद्या माणसाच्या हाती आली.

सुरुवात दूरध्वनीपासून करू. आग्नेर क्रारुप एर्लांग हा डेन्मार्कचा गणितज्ञ. काही वर्षे त्याने शाळेत शिकवले आणि १९०८ साली तो कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीत रुजू झाला. कंपनीपुढचा प्रश्न साधा होता. दोन केंद्रांमध्ये किती तारा टाकाव्यात? फार टाकल्या तर पैसा वाया, कमी टाकल्या तर ग्राहक संतापणार. कोण केव्हा फोन करील हे सांगता येत नाही. पण हजारो लोकांच्या एकत्रित वागण्याला एक संभाव्यतेचा नियम असतो, हे एर्लांगने ओळखले. १९०९ साली त्याचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला आणि १९१७ साली त्याने ते सूत्र दिले, जे दूरध्वनी अभियंत्यांना पुढे पाढ्यांसारखे पाठ झाले. सरासरीने एका वेळी १० संभाषणे चालू राहतील एवढी मागणी असेल, आणि शंभरात एकापेक्षा कमी लोकांना नकार मिळावा असे वाटत असेल, तर १८ तारा लागतात. मागणी दसपट झाली तर मात्र १८० लागत नाहीत, सुमारे ११७ पुरतात. गर्दी मोठी झाली की ती अधिक शिस्तीने वागते, असे हे सूत्र सांगते. संभाव्यता शिकवताना याहून चांगले उदाहरण मला तरी सापडलेले नाही.

या पद्धतीत व्यवस्थापन दाराशी होते. तार मोकळी असेल तर ती तुमची, बोलणे संपेपर्यंत पूर्णपणे तुमची. नसेल तर ‘सर्व लाइन्स व्यस्त आहेत’.

संगणक एकमेकांशी बोलू लागले तेव्हा ही पद्धत गैरसोयीची ठरली. संगणकाचे बोलणे तुटक असते. क्षणभर धो धो माहिती, मग दीर्घ शांतता. एवढ्यासाठी अख्खी तार अडवून ठेवणे म्हणजे एका प्रवाशासाठी एस. टी. ची पूर्ण गाडी सोडण्यासारखे. म्हणून १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी, एकमेकांना ठाऊक नसताना, एकच तोडगा काढला. संदेशाचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येकावर पत्ता लिहायचा आणि सर्वांचे तुकडे एकाच तारेवरून मिसळून पाठवायचे. या तुकड्यांना ‘पॅकेट’ हे नाव डेव्हिसने दिले. आपण त्यांना पाकिटे म्हणू. तारा जिथे एकमेकींना मिळतात तिथे एक छोटा संगणक बसतो. तो आलेले पाकीट क्षणभर ठेवून घेतो, पत्ता वाचतो आणि पुढच्या तारेवर सोडतो. या ठिकाणाला आपण नाका म्हणू. आज त्याला राउटर म्हणतात. १९६९ साली अमेरिकेत चार नाक्यांचे ‘अर्पानेट’ सुरू झाले, ते याच कल्पनेवर.

आता दारातला पहारेकरी गेला आणि त्याच्या जागी रांग आली. रांगेचा स्वभाव फसवा असतो. तार निम्मी भरलेली असताना पाकिटाला नाक्यावर एकूण जेवढा वेळ लागतो, तो रिकाम्या तारेच्या साधारण दुप्पट असतो. तार ९० टक्के भरली की तो दसपट होतो आणि ९९ टक्के भरली की शंभरपट. शेवटच्या काही टक्क्यांत सारा खेळ बिघडतो. (वेळ १ ÷ (१ − भार) या प्रमाणात वाढतो, आलेख मुलांकडून काढून घ्यावा.) नाक्यावरची जागाही संपली तर नंतर आलेले पाकीट सरळ टाकून द्यावे लागते.

डेव्हिसला ही धास्ती सुरुवातीपासून होती. १९७१-७२ च्या सुमारास त्याने एक देखणी योजना मांडली. साऱ्या जाळ्यात ठरावीक संख्येनेच परवाने फिरत ठेवायचे. ज्याच्या हाती परवाना त्यानेच पाकीट सोडायचे, आणि पाकीट पोचले की परवाना पुन्हा मोकळा. एकेरी लोहमार्गावर स्टेशनमास्तर इंजिनड्रायव्हरला टोकनाचा गोळा देत असे, त्याच जातीची ही कल्पना. एकूण पाकिटांची संख्या ठरलेली असल्याने जाळे भरून वाहणार नाही. पण जाळे ही काही एकेरी लोहवाट नव्हे. ज्याला पाकीट पाठवायचे त्याच्याकडे परवाना नाही आणि ज्याच्याकडे परवान्यांचा ढीग आहे त्याला काही पाठवायचे नाही, असे होऊ लागते. यंत्रातल्या बिघाडाने परवाने हरवले तर जाळे हळूहळू उपाशी मरते. शिवाय एकूण संख्या मर्यादित असली तरी सगळी पाकिटे एकाच नाक्यावर जमायला कोणाची हरकत?

अर्पानेटने वेगळी वाट धरली. प्रत्येक नाक्याने आपल्या तारांवर किती विलंब होतो आहे हे मोजायचे आणि ती खबर साऱ्या जाळ्याला कळवायची, म्हणजे प्रत्येक जण आपापला शहाणा मार्ग शोधील. खबर नवी की शिळी हे कळावे म्हणून प्रत्येक खबरीवर अनुक्रमांक असे. तो ० ते ६३ पर्यंत जाऊन पुन्हा ० वर येई. घड्याळात बारानंतर एक वाजतो, तसाच हा प्रकार. त्यामुळे दोन क्रमांकांतला नवा कोणता हे नुसत्या मोठेपणावरून ठरत नसे. चक्रावर पुढच्या दिशेने मोजताना जो ३२ घरांच्या आत असेल तो नवा, असा नियम होता.

२७ ऑक्टोबर १९८० रोजी हे सारे जाळे काही तास बंद पडले. एका नाक्याच्या यंत्रात बिघाड होऊन त्याच्या स्मृतीतले एकेक बिट गळत होते. ४४ हा अंक द्विमान पद्धतीत १०११०० असा लिहितात. त्यातला एक १ गळाला की १०१००० म्हणजे ४० होतो. आणखी एक गळाला की ००१००० म्हणजे ८. अशा रीतीने एकाच नाक्याच्या ८, ४० आणि ४४ क्रमांकांच्या तीन खबरी एकदम जाळ्यात सुटल्या. आता वरचा नियम लावून पाहा. ८ पासून ४० हा ३२ घरे पुढे, म्हणजे ४० नवा. ४० पासून ४४ चार घरे पुढे, म्हणजे ४४ आणखी नवा. आणि ४४ पासून पुढे मोजत गेले तर ६३ नंतर ० येऊन ८ पर्यंत २८ घरे होतात. म्हणजे ८ हा ४४ पेक्षाही नवा! तिघेही एकमेकांपेक्षा नवे. प्रत्येक नाका ही ‘ताजी’ खबर शेजाऱ्याला देई, शेजारी तिच्यापेक्षा ‘ताजी’ खबर परत देई आणि हे चक्र थांबेना. खबरींना सामान्य पाकिटांच्या आधी वाट द्यायची असा शिरस्ता असल्याने नाक्यांची सारी शक्ती त्यातच खर्ची पडली; आपल्या तारा चालू आहेत की नाहीत हे तपासायलाही त्यांना सवड उरली नाही, आणि धडधाकट तारा बंद म्हणून नोंदल्या जाऊ लागल्या.

एखादा नाका बंद करून पुन्हा सुरू करण्यात अर्थ नव्हता, कारण तो उठताच शेजारी त्याच्या हातात त्याच तीन खबरी ठेवीत. शेवटी जाळ्याची देखरेख करणाऱ्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीच्या अभियंत्यांनी ‘अमुक नाक्याच्या खबरी मानू नका’ अशी तात्पुरती दुरुस्ती नाक्यांच्या प्रणालीत घातली, तेव्हा जाळे शुद्धीवर आले.

ही घटना केवळ गंमत म्हणून सांगितलेली नाही. चौकातली कोंडी सोडवायला पाठवलेल्या पोलिसांच्या गाड्यांनीच चौक भरून जावा, तसे हे झाले होते. जाळे सांभाळण्यासाठी जे संदेश पाठवायचे, त्यांनाही त्याच तारांवरून जावे लागते. मग कोंडीच्या ऐन वेळी कोंडीची बातमी पोचवायची कशी?

१ जानेवारी १९८३ पासून अर्पानेटवर टीसीपी हा नवा संकेत लागू झाला. यात नाक्यांवर फारशी जबाबदारी नव्हती. पाकीट पोचले की घेणाऱ्या संगणकाने पोच द्यायची. ठरावीक मुदतीत पोच आली नाही तर पाकीट हरवले असे समजून पाठवणाऱ्याने ते पुन्हा पाठवायचे. टपालातल्या रजिस्टर पत्राच्या पोचपावतीसारखीच ही व्यवस्था. हिच्यातला खड्डा जॉन नेगल यांनी जानेवारी १९८४ मध्येच दाखवून दिला होता. समजा गर्दीमुळे पाकिटाला जाण्यायेण्याला लागणारा वेळ वाढला आणि मुदतीच्या पलीकडे गेला. पाकीट हरवलेले नाही, रांगेत उभे आहे. पण पाठवणारा त्याची दुसरी प्रत सोडतो, मग तिसरी. रांग आणखी वाढते, मुदती आणखी उलटतात. सगळ्या तारा पूर्ण भरलेल्या, आणि त्यांतून वाहते आहे ती बहुतेक जुन्याच पाकिटांची नक्कल. नेगल यांनी या अवस्थेला कोंडीतून होणारी पडझड असे नाव दिले, आणि एकदा जाळे तिच्यात शिरले की आपण होऊन बाहेर येत नाही, हेही सांगितले. कोणी फारसे मनावर घेतले नाही.

ऑक्टोबर १९८६ मध्ये ते घडले. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचेच बर्कली विद्यापीठ यांच्यात जेमतेम ४०० यार्डांचे अंतर. मध्ये तीन टप्पे. एरवी दर सेकंदाला ३२,००० बिट जात, ते ४० बिटांवर आले. एका अक्षराला आठ बिट धरले तर पूर्वी सेकंदाला चार हजार अक्षरे जात होती, आता पाच. पत्र हातात घेऊन चालत गेले असते तरी लवकर पोचले असते.

प्रयोगशाळेत काम करणारे व्हॅन जेकबसन या प्रकाराने अस्वस्थ झाले. विद्यापीठातले माइक कॅरल्स यांच्याबरोबर त्यांनी शोध सुरू केला. दोन प्रश्न होते. बर्कलीच्या युनिक्समधली टीसीपीची प्रणाली चुकीची वागते आहे का? आणि इतक्या वाईट परिस्थितीतही ती बरी चालेल अशी सुधारता येईल का? दोन्हींचे उत्तर ‘होय’ असे आले. त्यांनी एकेक पाकीट केव्हा सुटले आणि पोच केव्हा आली याच्या नोंदी घेऊन आलेख काढले. एका चाचणीत दिसले की, तारेच्या क्षमतेपैकी फक्त ३५ टक्के उपयोगी पडते आहे आणि बाकी सारी पुन्हा पुन्हा पाठवण्यात जाते आहे. माहितीचा एक तुकडा तर पाच वेळा पाठवला गेला होता. पोचेची वाट किती पाहायची याचे गणितही कच्चे होते. जुने सूत्र सरासरी वेळेची ठरावीक पट घेई, आणि तेवढे फार तर ३० टक्के भारापर्यंत चाले. गर्दी वाढते तशी नुसती सरासरी वाढत नाही, चढउतारही वाढतात. जेकबसन यांनी मुदत ठरवताना हे चढउतारही धरले.

पण खरा उलगडा पुढे आहे. कोंडीची बातमी पोचवायला वेगळा संदेश लागत नाही, हे त्यांनी ओळखले. तारांवर पाकिटे खराब होऊन हरवणे फार क्वचित घडते. पाकीट हरवले तर बहुधा कुठल्यातरी नाक्यावर जागा नव्हती म्हणून ते टाकले गेले. तेव्हा पोच न येणे हीच कोंडीची बातमी! ती पोचवायला एकही बिट खर्च होत नाही आणि ती कोंडीत अडकूही शकत नाही. १९८० साली जी अडचण होती ती इथे उरतच नाही. उलट पोच आली, तर त्याचा अर्थ जाळ्यातून एक पाकीट बाहेर पडले, म्हणून एक आत सोडायला हरकत नाही. डेव्हिसचा परवाना इथे वेगळ्या रूपाने परत आला; मात्र तो आता साऱ्या जाळ्याचा सामायिक नव्हता, प्रत्येक संभाषणाचा स्वतःचा होता.

यावरून वागण्याची रीत ठरली. सुरुवातीला एकच पाकीट सोडायचे. पोच आली की दोन, मग चार, मग आठ. (याला ‘सावकाश सुरुवात’ म्हणतात. दुपटीने वाढणारी गोष्ट सावकाश कशी, असा प्रश्न मुले विचारतीलच. पूर्वी सगळी पाकिटे एकदम लोटली जात, त्या मानाने सावकाश.) क्षमतेच्या जवळ आल्यावर दर फेरीला एकेकच पाकीट वाढवायचे. आणि पाकीट हरवले की वेग ताबडतोब निम्म्यावर आणायचा.

वाढवताना बेरीज आणि कमी करताना भागाकार, असे का? याचे सुरेख विश्लेषण त्याच सुमारास डिजिटल इक्विपमेंट कंपनीतले दाह-मिंग चिऊ आणि राज जैन यांनी केले. ते १९८९ साली प्रसिद्ध झाले. फळ्यावर करून पाहण्याजोगे आहे. तारेची क्षमता १०० धरा. ‘अ’ ८० वापरतो आहे, ‘ब’ उशिरा आल्याने २० वर आहे. कोंडी झाली, दोघे निम्म्यावर आले : ४० आणि १०. मग दोघेही एकेकाने वाढत गेले आणि एकूण पुन्हा १०० झाले : ६५ आणि ३५. पुन्हा कोंडी, पुन्हा निम्मे, पुन्हा वाढ : ५७·५ आणि ४२·५. पुढच्या फेरीला ५३·७५ आणि ४६·२५. दोघांतला फरक ६०, ३०, १५, ७·५ असा दर वेळी अर्धा होत जातो. आता भागाकाराऐवजी दोघांना सारखी वजाबाकी करायला सांगा. ‘अ’ आणि ‘ब’ मधला ६० चा फरक जन्मभर तसाच राहील. ‘अ’ ला ‘ब’ किती वापरतो हे ठाऊक नाही, दोघांच्या वर कोणी पंचही नाही, तरी वाटणी सारखी होत जाते. मला विचाराल तर या साऱ्या इतिहासातला सर्वांत सुंदर भाग हाच.

राज जैन आणि त्यांचे सहकारी के. के. रामकृष्णन या दोघांचेही पदव्युत्तर शिक्षण बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत झालेले. या दोघांनी १९८८ च्या सुमारास आणखी एक सूचना केली होती. पाकीट टाकून देण्याची वेळ येण्यापूर्वीच नाक्याने जाणाऱ्या पाकिटावर एका बिटाची खूण करावी, म्हणजे पाठवणारा आधीच सावध होईल. ही कल्पना तेव्हा मागे पडली. २००१ साली ती इंटरनेटच्या संकेतांत दाखल झाली.

जेकबसन आणि कॅरल्स यांचा निबंध १९८८ साली वाचला गेला. त्याच वर्षी प्रत्येक यंत्रातले आकडे दुरून वाचण्यासाठी एसएनएमपी हा संकेतही ठरला. किती पाकिटे आली, किती टाकली, कोणती तार बंद आहे, हे जाळ्याची देखभाल करणाऱ्याला जागेवर बसून कळू लागले. आजही अनेक कार्यालयांतली जाळी असेच आकडे पाहून सांभाळली जातात. पण असे आकडे मिनिटामिनिटाला वाचले जातात आणि कोंडी सेकंदाच्या अंशात होते. तिथे टोकांवरच्या संगणकांची शिस्तच कामी येते. ही शिस्त कोणी हुकूम काढून सुरू केली नाही. बर्कलीच्या युनिक्सबरोबर सुधारित प्रणाली वाटली गेली, ज्यांनी ती घेतली त्यांचे काम सुधारले आणि ऑक्टोबर १९८९ मध्ये ती इंटरनेटवरच्या सर्व संगणकांसाठी आवश्यक म्हणून नोंदली गेली.

आपल्याकडे १९८६ साली इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ‘अर्नेट’ हे शिक्षण-संशोधनाचे जाळे उभारायला घेतले. त्यात पाच आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांच्याबरोबर मुंबईत जुहूला असलेले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र होते (ते पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाले). १९८९ च्या सुमारास या केंद्रातून अमेरिकेला जोडणाऱ्या तारेची क्षमता सेकंदाला ९,६०० बिट होती. आज एका मोबाइलवरच्या चित्रफितीला लागते त्याचा हा लहानसा अंश. त्यावर देशातल्या संशोधन संस्थांची ई-पत्रे जात. अशा वाटेवर एकेक फुकटचे पाकीट किती महाग पडत असेल, ते सांगायला नको.

पुढे ही विद्या थांबली नाही. १९९३ साली सॅली फ्लॉइड आणि जेकबसन यांनी सुचवले की, रांग पूर्ण भरण्याची वाट न पाहता नाक्याने आधीच अधूनमधून एखादे पाकीट टाकावे, म्हणजे सगळे एकदम हबकून थांबणार नाहीत. २०१० च्या सुमारास जिम गेटिस यांना घरच्या जोडणीवरचा विलंब तपासताना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. स्मृती स्वस्त झाल्याने यंत्रे बनवणाऱ्यांनी नाक्यांवर अवाढव्य जागा करून ठेवली होती. पाकीट टाकायची वेळच येत नाही, म्हणून कोंडीची बातमीही जात नाही. रांग मात्र सेकंदासेकंदाची. चांगल्या हेतूने वाढवलेल्या जागेने जाळे मंद केले होते. २०१६ साली गूगलमधल्या ज्या गटाने हरवलेल्या पाकिटांवर न विसंबता प्रत्यक्ष पोचण्याचा वेग आणि कमीत कमी विलंब मोजून चालणारी रीत काढली, त्यात जेकबसनही होते. आपल्याच तीस वर्षांपूर्वीच्या गृहीतावर त्यांनी फेरविचार केला.

एक प्रश्न मात्र फळ्यावरच्या त्या उदाहरणात दडलेला आहे. ‘अ’ आणि ‘ब’ यांची वाटणी सारखी होते खरी, पण ती दोन जोडण्यांमधली, दोन माणसांमधली नव्हे. ‘अ’ ने एकाऐवजी नऊ जोडण्या उघडल्या आणि ‘ब’ ने एकच ठेवली, तर प्रत्येक जोडणीला दहा मिळून ‘अ’ च्या पदरात ९० पडतात. यात कोणताही नियम मोडलेला नाही. २००७ साली बॉब ब्रिस्को यांनी याच कारणासाठी जोडण्यांमधल्या समानतेला न्याय म्हणणेच नाकारले, आणि माणसामागे हिशेब कसा ठेवायचा, तो कोणी ठेवायचा, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. वर्गात हे गणित करून झाल्यावर एका मुलाला नऊ जणांचे आकडे सांभाळायला द्यावेत आणि बाकीच्यांना काय वाटते ते विचारावे.